तुकड्यांचे ट्रॅक आणि न जुळलेले जाळे : पुण्याच्या सायकल आराखड्याची पार्श्वभूमी

डिसेंबर २०१७ मध्ये पुणे महापालिकेच्या सर्वसाधारण सभेने शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. सुमारे ८२४ किलोमीटरचे सायकल मार्ग, त्यासाठी सुमारे ३३५ कोटी रुपयांचा अंदाज, आणि २०३१ पर्यंत शहरातल्या एक चतुर्थांश फेऱ्या सायकलवर व्हाव्यात असे उद्दिष्ट. तेव्हा चर्चा झाली ती किलोमीटरची आणि कोटींची. माझ्या मते त्या कागदांतला खरा नवा शब्द होता ‘जाळे’. सायकल ट्रॅक पुण्याने त्याआधीही बांधले होते, पण एका ट्रॅकवरून दुसऱ्यावर, पेठेतून उपनगरात, नदीच्या या काठावरून त्या काठावर सलग जाता येईल, असे ते कधीच बांधले गेले नव्हते. असे का झाले, हे समजायला बरेच मागे जावे लागते.

पुण्याला सायकलींचे शहर म्हणत, त्यामागे भूगोल होता. पेठा, कॅम्प, डेक्कन, शिवाजीनगर हा सगळा भाग बऱ्यापैकी सपाट आणि आटोपशीर. बहुतेकांचे घर आणि काम यांच्यात चार-पाच किलोमीटरच. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. शिफ्ट सुटली की कामगारांच्या सायकलींचे लोंढे बाहेर पडत. कॉलेजचे विद्यार्थी, शाळेच्या मुली, कारकून, दूधवाले, पेपरवाले सगळे सायकलवर. सायकलला पालिकेचा बिल्ला लागे, रात्री दिवा नसला किंवा डबलसीट बसवले तर पोलीस अडवत. ज्यांना सायकल परवडत नसे त्यांना तासाच्या भाड्याने मिळे. माझे काका सांगत की त्यांनी सायकल शिकली ती भाड्याच्या, त्यांच्या उंचीला न पेलणाऱ्या सायकलवर, नळीखालून पाय घालून.

त्या काळात वेगळ्या मार्गाची गरजच नव्हती. रस्ताच सायकलींचा होता आणि मोटार आली तर तीच जपून जाई. म्हणून पुण्याकडे सायकलची सवय भरपूर होती, सायकलसाठी राखलेली जागा मात्र जवळपास नव्हती. पुढे सगळे बिनसले ते इथून. सवय मोडली तेव्हा तिला धरून ठेवायला रस्त्यावर काहीच नव्हते.

मोडायला सुरुवात झाली ती अंतर वाढल्यामुळे. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि तिच्यामागे कारखान्यांची रांगच लागली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटले आणि नदीकाठची हजारो कुटुंबे सहकारनगर, गोखलेनगर अशा नव्या वसाहतींत गेली. पेठेतल्या माणसाचे जग हळूहळू रुंदावत गेले. त्यात १९७२ साली दोन गोष्टी बाजारात आल्या, बजाजची चेतक स्कूटर आणि कायनेटिकची लुना. दोन्ही कंपन्या पुण्याशी जोडलेल्या. लुनाकडे तर मला सायकलचीच पुढची पायरी म्हणून पाहावेसे वाटते. पेडल होते, इंजिनही होते, आणि साडी नेसलेल्या बाईला किंवा पन्नाशीच्या कारकुनाला ती झेपत होती. ज्या माणसाने तोवर सायकल सोडली नव्हती, त्याने लुनासाठी सोडली. त्यात त्याची काही चूक नव्हती. पर्वतीहून पिंपरीला रोज पायडल मारत जा, असे त्याला कोण सांगणार?

याच सुमारास देशाच्या पातळीवर नियम मात्र होता. इंडियन रोड्स काँग्रेसने १९६२ मध्ये सायकल ट्रॅकच्या रचनेसाठी संहिता काढली होती. तिचा क्रमांक ‘आयआरसी ११’. गर्दीच्या तासाला रस्त्यावर ४०० सायकली आणि शंभर ते दोनशे मोटारी असतील तर वेगळा ट्रॅक करावा. मोटारी दोनशेच्या वर गेल्या तर तासाला शंभर सायकली असल्या तरी ट्रॅक योग्य ठरतो, असे तिचे गणित. ट्रॅकची रुंदी किमान दोन मीटर. कागदावर हे उत्तमच वाटते. पण हे गणित रस्त्यावर आज दिसणाऱ्या सायकली मोजते. मोटारींच्या भीतीने सायकलवाला घरी बसला की आकडा घसरतो, आकडा घसरला की ट्रॅकची गरज संपते. पुण्याच्या बहुतेक रस्त्यांवर पुढची तीस वर्षे नेमके हेच झाले असे मला वाटते. सायकली कमी झाल्या म्हणून रस्ते त्यांच्यासाठी आखले गेले नाहीत, आणि रस्ते आखले गेले नाहीत म्हणून सायकली आणखी कमी झाल्या.

नव्वदीनंतर रस्तारुंदी आणि उड्डाणपूल हाच वाहतुकीवरचा उपाय ठरला. त्याच काळात ‘परिसर’सारख्या पुण्यातल्या संस्था पादचारी आणि सायकलवाले यांच्या बाजूने सतत बोलत राहिल्या. त्यांचे म्हणणे फार जणांना तेव्हा जुनाट वाटे. पण २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने नेमके तेच मांडले की नियोजन वाहनांचे नव्हे, माणसांच्या प्रवासाचे व्हावे. त्याआधी डिसेंबर २००५ मध्ये केंद्राची जवाहरलाल नेहरू नागरी पुनरुत्थान योजना सुरू झाली होती आणि तिच्यातून पुण्याला रस्त्यांसाठी मोठा निधी मिळाला. २००६ च्या अखेरीस कात्रज–स्वारगेट–हडपसर या मार्गावर बीआरटी सुरू झाली. अशा जलद बस मार्गाचा देशातला हा पहिलाच प्रयोग होता. बससाठी मधली मार्गिका, कडेला पदपथ आणि त्याला लागून सायकल ट्रॅक, असा रस्त्याचा नमुना ठरला. शहराला पहिल्यांदाच सायकल ट्रॅक मोठ्या प्रमाणावर मिळाले ते असे, बसच्या योजनेसोबत.

इथे जरा थांबायला हवे, कारण पुढचा सगळा अविश्वास या ट्रॅकनी निर्माण केला. ज्या रस्त्याचे काम निघाले त्याला ट्रॅक मिळाला, शेजारच्या रस्त्याला नाही. त्यामुळे ट्रॅक चौकाच्या आधी संपे आणि सायकलवाला नेमक्या सर्वांत धोक्याच्या जागी, वळणाऱ्या बस आणि रिक्षांच्या मध्ये, उघडा पडे. ब्लॉकचे तुकडे खचले, मधोमध झाड किंवा विजेचा डीपी उभा राहिला, सोसायटीच्या प्रत्येक फाटकापाशी ट्रॅक उतरे आणि पुन्हा चढे. बॅरिकेडचे खांब इतके जवळ रोवले की दुचाकी अडाव्यात, पण दुधाचे कॅन लावलेली सायकलही अडे. उरलेल्या जागेत पथारी, गाड्या, राडारोडा. मीही काही महिने असा एक ट्रॅक वापरायचा प्रयत्न केला. दोन किलोमीटरमध्ये सात-आठ वेळा उतरावे लागे. शेवटी मी मुख्य रस्त्यावरूनच जाऊ लागलो. मग मोटारवाले काच खाली करून ओरडत, ‘ट्रॅक दिलाय ना तुम्हाला!’ त्या ओरडण्यात माझ्यावरचा राग होताच. पण कर भरून बांधलेली वस्तू रिकामी पडलेली पाहून येणारी चीडही होती, आणि ती मला चुकीची वाटत नाही. ट्रॅक वापरले जात नाहीत म्हणजे पुणेकरांना सायकल नकोच आहे, असा निष्कर्ष मात्र त्यातून काढला गेला, तो चुकीचा.

असा अनुभव पुण्याच्या आधी दुसऱ्या एका देशाला आला होता. नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यांवर तीन हजारांहून अधिक माणसे दगावली, त्यांत लहान मुले शेकड्यांनी. लोक रस्त्यावर उतरले. सरकारने सत्तरच्या दशकात टिलबर्ग आणि हेग या शहरांत प्रत्येकी एक झकास सायकल मार्ग बांधून पाहिला. त्या मार्गावर सायकली वाढल्या, पण त्यांतल्या बऱ्याच शेजारच्या रस्त्यांवरून तिकडे सरकलेल्या होत्या. शहरभरातली एकूण सायकलस्वारी फारशी वाढली नाही. तेव्हा डेल्फ्ट या लहान शहराने १९७९ मध्ये आखलेल्या योजनेत मार्गाऐवजी जाळे विणले. त्याचे तीन पदर होते. शहर आरपार जाणारे मुख्य मार्ग, वस्त्यांना जोडणारे मधले, आणि शाळा-दुकानापर्यंतचे गल्लीतले. खर्चाचा मोठा भाग गेला तो कालवे आणि रेल्वेमार्ग ओलांडणाऱ्या पुलांवर आणि भुयारी वाटांवर, म्हणजे जिथे जाळे तुटते नेमक्या त्या जागी. स्पेनमधल्या सेव्हिल शहराने २००६ नंतर याच पद्धतीने, सुमारे ८० किलोमीटरचे सलग जाळे जवळजवळ एका दमात बांधले. त्या उन्हाच्या शहरात त्याआधी सायकल जवळपास नव्हतीच, आणि काही वर्षांतच ती रोजच्या वापरात आली. ‘आपल्याकडे ऊन फार’ हे कारण ऐकले की मला सेव्हिल आठवते.

पुण्याचा २०१७ चा आराखडा या धड्यांवर उभा आहे. केंद्र सरकारच्या पाठबळाने पालिकेने काम हाती घेतले. आयट्रान्स, प्रसन्न देसाई आर्किटेक्ट्स आणि पर्यावरण शिक्षण केंद्र या सल्लागार संस्थांनी ते केले. त्याआधीच्या वर्षी पालिकेने पादचारी धोरण आणि रस्त्यांच्या रचनेची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली होती, त्यामुळे जमीन थोडी तयार होती. प्रभागांमध्ये बैठका झाल्या, प्रश्नावल्या भरून घेतल्या गेल्या, मसुद्यावर हरकती-सूचना मागवल्या गेल्या. ‘सायकल कोण चालवतं आता?’ हा प्रश्न अशा चर्चांत हमखास निघतो. त्याचे उत्तर पहाटे कोणत्याही नाक्यावर उभे राहिले की मिळते. वॉचमन, बांधकामावरचे मजूर, मंडईतले हमाल, पेपर टाकणारी मुले. या माणसांना बैठकीला यायला सवड नसते. त्यामुळे सायकलवाला म्हटले की हेल्मेट घातलेला रविवारचा हौशी माणूसच डोळ्यांसमोर येतो, आणि आराखड्याची खरी गरज ज्यांना आहे ते नजरेआड राहतात.

आराखड्यात सगळीकडे ट्रॅक नाहीत, हे त्याचे शहाणपण. मोठ्या आणि वेगवान रस्त्यांवर वेगळा ट्रॅक, मध्यम रस्त्यांवर आखलेली मार्गिका, गल्ल्यांत वाहनांचाच वेग कमी करून एकत्र चालणे, आणि नदी-कालव्याच्या कडेने हरित मार्ग. तर्क साधा आहे. सायकल आणि मोटार यांच्या वेगात फरक जितका मोठा, तितके त्यांना वेगळे करणे गरजेचे. पेठेतल्या बोळात ट्रॅक बांधायला जागाही नाही आणि गरजही नाही, तिथे गाड्या सावकाश चालल्या तरी पुरे. कालव्याचा विचार मला विशेष आवडतो. खडकवासल्याहून निघणारा मुठा उजवा कालवा पर्वती, स्वारगेट करत हडपसरकडे जातो. पाण्याला उताराने वाहावे लागते म्हणून त्याची कड जवळजवळ सपाट, म्हणजे सायकलसाठी घडवून ठेवलेलीच. आणि मोठ्या रस्त्यांचे चौक त्याच्या वाटेत मोजकेच.

मंजुरीच्या त्याच महिन्यात शहरात ॲपवर भाड्याने मिळणाऱ्या सायकलीही आल्या, आधी औंध आणि विद्यापीठाच्या आवारात. २०१८ मध्ये आणखी कंपन्या उतरल्या. काही महिने रंगीबेरंगी सायकली जागोजागी दिसत. मग मोडतोड, चोरी आणि कंपन्यांच्या जागतिक अडचणी यांत बहुतेक सायकली दिसेनाशा झाल्या. क्रम चुकला असे मला वाटते. सायकली आधी आल्या आणि त्या चालवायला सलग रस्ता आलाच नाही.

याच सुमारास जंगली महाराज रस्ता, औंधचा डीपी रस्ता अशा काही ठिकाणी रस्त्यांची रचना नव्याने झाली आणि चालण्या-सायकलीला चांगली जागा मिळाली. पण आराखड्याच्या नकाशावर या रेघा अजूनही एकमेकींपासून दूरच आहेत. मेट्रोच्या कामासाठी अनेक रस्ते उकरले गेले, विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल २०२० मध्ये पाडला गेला, आणि प्रत्येक कामानंतर रस्ता पुन्हा बांधताना सायकलचा पट्टा ठेवायचा की नाही हा वाद नव्याने झडतो. शहरही मोठे झाले. २०२१ मध्ये २३ गावे हद्दीत आली आणि पुण्याचे क्षेत्र ५०० चौरस किलोमीटरच्या पुढे गेले. त्या गावांतले रस्ते अजून आखले जात आहेत. तिथे जागा आता राखली तर ती फुकट आहे, दहा वर्षांनी भूसंपादनाच्या भावाने घ्यावी लागेल.

आणि काही तुटलेले सांधे तर पालिकेच्या हातातच नाहीत. शिवाजीनगरहून पिंपरीकडे, म्हणजे पूर्वी कामगारांच्या सायकली ज्या वाटेने जात त्याच जुन्या मुंबई रस्त्याने निघालात, तर मध्ये खडकी कॅन्टोन्मेंटची हद्द लागते, तिचे प्रशासन वेगळे. दापोडीचा हॅरिस पूल ओलांडला की पिंपरी-चिंचवड महापालिका सुरू होते. तिने केंद्राने २०२० मध्ये सुरू केलेल्या, सायकलस्नेही शहरांसाठीच्या स्पर्धेत देशातल्या पहिल्या अकरा शहरांत जागा मिळवली होती. त्या पुलाच्या दोन्ही बाजूंना आपापले सायकलचे नकाशे आहेत. खडकीच्या हद्दीतले काही किलोमीटर आणि खुद्द पूल यांवरून पहाटे साडेपाचला डबा कॅरिअरला लावून जाणारा माणूस आजही ट्रकच्या कडेने जातो.