पाकट उलटा करून बघा

मासळीबाजारात पाटीवर पाकट, म्हणजे शेपटीवर विषारी काटा असलेला चपटा मासा, दिसला, तर कोळीणमावशींना तो उलटा करायला सांगा. पांढऱ्या पोटावर दोन बारके डोळे आणि खाली हसरं तोंड, असा चक्क चेहरा दिसतो. लहान मुलांना तो फार आवडतो. पण ते डोळे नव्हेत, नाकपुड्या आहेत. खरे डोळे पाठीवर, म्हणजे या माशाला आपण काय खातोय ते कधीच दिसत नाही.

मालवणकडे याला वागळी म्हणतात. वटवाघळासारखं पसरलेलं अंग पाहिलं की नाव का पडलं ते विचारावं लागत नाही. पाकटांच्या जाती बऱ्याच. त्यातला किनाऱ्यालगत राहणारा एक छोटा पाकट म्हणजे ब्रेव्हिट्रायगॉन इम्ब्रिकाटा. ब्लॉख आणि श्नायडर या जर्मन अभ्यासकांनी १८०१ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली. अंगाची रुंदी फार तर २५ सेंमी, म्हणजे वीतभराहून जरा जास्त. उथळ पाणी, खाडीचं मुख, मऊ गाळ हे त्याचं घर.

पाकटाचं सगळं शरीर गाळात पडून राहण्यासाठी घडलेलं आहे. कडा फडफडवून तो अंगावर गाळ ओढून घेतो आणि फक्त डोळे बाहेर ठेवतो. तोंड आणि कल्ल्यांच्या पाच-पाच फटी खाली, तिथून पाणी ओढलं तर चिखलच आत जायचा. म्हणून डोळ्यांच्या मागे दोन भोकं असतात. पाणी तिथून आत येतं आणि खालच्या फटींतून बाहेर पडतं. तोंडाभोवती बारीक छिद्रं असतात, त्यांत जेलीसारखा पदार्थ भरलेला. गाळात दडलेल्या कोळंबीच्या किंवा खेकड्याच्या शरीरातून निसटणारी अतिशय क्षीण वीज या छिद्रांना कळते. नजर नसली तरी घास चुकत नाही.

आता काटा. पाकट 'चावला' असं आपण म्हणतो, पण तो चावत नाही आणि अंगावरही येत नाही. पाठीवर पाय पडला की शेपटी उसळते आणि तिच्यावरचा काटा घुसतो. काट्याच्या दोन्ही कडांना उलटे दाते असतात, त्यामुळे जाताना जेवढं फाटतं त्याहून जास्त बाहेर येताना. विषारी पेशी काट्याच्या खाचांत असतात. सप्टेंबर २०१३ मध्ये गिरगाव चौपाटीवर दीड दिवसाच्या गणपतींच्या विसर्जनाला कितीतरी भक्तांना असे काटे लागले. गढूळ उथळ पाणी, तळाशी निवांत पडलेले मासे आणि अनवाणी पायांची गर्दी. दुसरं काय होणार! अशा पाण्यात पाय उचलून न टाकता वाळूत घासत चालावं. धक्का जाणवला की पाकट स्वतःच सटकतो. काटा लागलाच, तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांच्या आत, बुडवून ठेवावी. विष प्रथिनांचं असल्याने उष्णतेने निकामी होतं आणि ठणका उतरतो. तरी डॉक्टर गाठायचाच, कारण काट्याचा तुकडा आत राहिलेला असू शकतो.

पाकट नको म्हणणारे बहुधा वासाला घाबरतात. तो वास युरियाचा. समुद्राच्या खारट पाण्यात शरीरातलं पाणी शोषलं जाऊ नये म्हणून शार्क आणि पाकट रक्तात युरिया साठवून ठेवतात. मासा मेला की जिवाणू त्याचा अमोनिया करतात. सुक्या पाकटाचा डबा उघडल्यावर नाकात जातो तो हाच. आपल्याकडे पाकटाच्या कालवणात चिंच किंवा कोकम सढळ पडतं. आंबट पदार्थ अमोनियाला मारतो, हे रसायनशास्त्र आज्यांना पुस्तकाशिवाय ठाऊक होतं.

बांगडा लाखांच्या घरात अंडी सोडून मोकळा होतो. पाकटाची मादी अंडी घालत नाही. पिल्लं पोटातच वाढतात, आधी बलकावर आणि मग गर्भाशयाच्या भिंतीतून पाझरणाऱ्या दुधासारख्या द्रवावर. छोट्या पाकटात एका वेळी एक-दोनच. जन्मताना पिल्लाचा काटा मऊ आवरणात असतो, आईला टोचू नये म्हणून. ट्रॉलरचं जाळं तळ खरवडत जातं तेव्हा पाकट हमखास सापडतो, कारण तो तळालाच असतो. जाळ्यातून डेकवर पडलेली गाभण मादी धडपडीत पुष्कळदा पिल्लं टाकते. बशीएवढीही नसलेली, पण कडा फडफडवणारी. गाळ शोधत असावीत तशी.