प्रशिक्षकाचा हेतू (अश्वशर्यती)

घोड्यांच्या शर्यतींवर पैज लावताना, एखादा घोडा त्या विशिष्ट शर्यतीत जिंकण्यासाठीच उतरवला आहे, की अंगमेहनत व्हावी, अंतर अजमावता यावे किंवा पुढे वजन कमी मिळावे म्हणून, याविषयी बाह्य खुणांवरून बांधल्या जाणाऱ्या अंदाजाला ‘प्रशिक्षकाचा हेतू ओळखणे’ म्हणतात. मुंबई-पुण्याच्या मैदानांवर हाच प्रश्न ‘आज ट्राय आहे का?’ अशा थोडक्या शब्दांत विचारला जातो. हेतू हा शब्द येथे सैल अर्थाने वापरला जातो. प्रशिक्षक, मालक आणि जॉकी या तिघांचे निर्णय त्यात मिसळलेले असतात आणि पंटरला, म्हणजे पैज लावणाऱ्याला, त्यांतील कोणाचा निर्णय कोणता हे सहसा वेगळे करता येत नाही.

हा प्रश्न मुख्यतः हँडिकॅप पद्धतीच्या शर्यतींतून उद्भवतो. ज्या शर्यतीत सर्व घोड्यांना समान, किंवा वय आणि लिंग यांनुसार ठरलेले वजन असते, तेथे हरून काही साधत नाही. हँडिकॅपमध्ये मात्र चांगल्या घोड्यावर जास्त आणि कमकुवत घोड्यावर कमी वजन टाकून सर्वांना एका पातळीवर आणण्याचा प्रयत्न असतो. त्यामुळे आजची हार ही उद्याची सवलत ठरते. वयानुसार वजनाचे कोष्टक व्यवस्थित बसवण्याचे श्रेय सामान्यतः इंग्लंडमधील ॲडमिरल हेन्री रूस यांना दिले जाते. ते १८५५ पासून तेथील सार्वजनिक हँडिकॅपर होते. वजन कमी-जास्त करून शर्यत लावण्याची चाल त्यांच्याही आधीची आहे.

मुंबई व पुणे येथे रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या शर्यतींत प्रत्येक घोड्याला कामगिरीनुसार रेटिंग दिलेले असते आणि रेटिंगमधील एका गुणाचा फरक अर्ध्या किलोच्या फरकाइतका मानला जातो. वर्गांच्या मर्यादा एकमेकांवर चढलेल्या असतात. उदाहरणार्थ, चौथा वर्ग साधारणतः २० ते ४६ आणि तिसरा वर्ग ४० ते ६६ अशा रेटिंगच्या घोड्यांसाठी असतो. एका वर्गातील सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या घोड्यांत यामुळे २६ गुणांचे, म्हणजे १३ किलोंचे अंतर पडू शकते. ४० ते ४६ या पट्ट्यातील घोड्याच्या प्रशिक्षकापुढे दोन वाटा असतात. तिसऱ्या वर्गात बलवान प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध हलके वजन घेता येते, किंवा चौथ्या वर्गात दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध जड वजन पत्करता येते. हेतू वाचू पाहणाऱ्याला सर्वांत भक्कम आणि उघड पुरावा या निवडीत मिळतो, कारण ती शर्यतींच्या कार्डावर छापलेली असते आणि तिच्यासाठी कोणाच्या कानगोष्टीची गरज पडत नाही. ४८ रेटिंगचा घोडा तिसऱ्या वर्गात दोन-तीनदा मागे राहून ४४ वर उतरला आणि लगेच चौथ्या वर्गात त्याच्या आवडत्या अंतरावर दाखल झाला, तर प्रशिक्षक याच संधीची वाट पाहत होता असे म्हणणे वाजवी ठरते. मात्र तो मुद्दाम मागे ठेवला होता, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

या दोन विधानांतील अंतर हाच या विषयातील जुना वाद आहे आणि त्याचे सर्वाधिक चर्चिले गेलेले उदाहरण इंग्लंडमधील न्यूमार्केट येथील आहे. २० ऑक्टोबर १७९१ रोजी प्रिन्स ऑफ वेल्सचा, म्हणजे पुढे चौथा जॉर्ज म्हणून राज्यावर आलेल्या युवराजाचा, ‘एस्केप’ नावाचा घोडा सुमारे दोन मैलांच्या शर्यतीत चार घोड्यांत शेवटचा आला. तो त्या शर्यतीचा फेव्हरिट, म्हणजे सर्वाधिक पसंतीचा घोडा, होता आणि ‘कोरिअँडर’ हा घोडा जिंकला. दुसऱ्याच दिवशी चार मैलांच्या शर्यतीत तोच एस्केप चढ्या भावात, म्हणजे लावलेल्या पैशांवर जास्त परतावा देत, सहज जिंकला. दोन्ही दिवशी सॅम्युएल चिफनी हाच जॉकी होता. पहिल्या दिवशी घोडा मुद्दाम मागे धरून भाव चढवला, असा संशय आला आणि शर्यतींचे नियमन करणाऱ्या जॉकी क्लबच्या स्टुअर्डांनी, म्हणजे पंचांनी, चौकशी केली. त्यांच्यापैकी सर चार्ल्स बनबरी यांनी युवराजाला कळवले, की चिफनी यापुढे त्याच्या घोड्यांवर बसला, तर कोणीही सद्गृहस्थ त्यांच्याविरुद्ध आपला घोडा उतरवणार नाही. युवराजाने जॉकीला दूर करण्याऐवजी न्यूमार्केटच सोडले आणि चिफनीला वर्षासन बांधून दिले.

चिफनीने १८०४ साली प्रसिद्ध केलेल्या आत्मनिवेदनात आपली बाजू मांडली. त्याच्या म्हणण्याचा गाभा असा, की पहिल्या दिवशी घोडा पुरेसा तयार नव्हता, त्या शर्यतीनेच त्याला घाम काढून मोकळे केले आणि दुसऱ्या दिवशीचे लांब अंतर त्याला अधिक मानवले. पहिल्या दिवशी आपण घोड्यावर पैसे लावले नव्हते आणि दुसऱ्या दिवशी लावले होते, हेही त्याने लपवले नाही. विरोधकांच्या मते ही कबुलीच त्याच्या अपराधाचा पुरावा होती. उलट बाजूचे म्हणणे असे, की घोड्याच्या तयारीविषयी प्रामाणिक मत असलेला माणूस त्या मताप्रमाणेच पैसे लावणार. इंग्लिश लेखकांत याविषयी दीर्घकाळ दोन तट राहिले. युवराजाचा या प्रकरणात प्रत्यक्ष हात होता, असे मानण्याकडे नंतरच्या अभ्यासकांचा कल दिसत नाही. चिफनीच्या स्पष्टीकरणातील शारीरिक भाग, म्हणजे विश्रांतीनंतरच्या पहिल्या धावेने घोडा सुधारतो हा, आजच्या प्रशिक्षणशास्त्राशी सुसंगत असल्याने तो निव्वळ सबब म्हणून उडवून लावता येत नाही. चिफनीचा शेवट मात्र हलाखीत झाला. १८०७ मध्ये लंडनच्या फ्लीट या कर्जदारांच्या तुरुंगात तो मरण पावला.

या प्रकरणाचे महत्त्व असे, की हेतूचा आरोप आणि तयारीचे स्पष्टीकरण हे दोन्ही एकाच पुराव्यावर उभे राहू शकतात, हे त्यात प्रथमच इतक्या ठळकपणे दिसले. प्रस्तुत नोंदीत म्हणून हेतू या शब्दाचा अर्थ प्राधान्याने ‘या शर्यतीसाठी केलेली तयारी’ असाच घेतला आहे. लबाडीचा हेतू बाहेरून दिसत नाही, पण तयारीच्या खुणा मोजता येतात.

अशा खुणांपैकी सकाळचे ट्रॅकवर्क सर्वांत जुनी आणि सर्वांत जास्त वाचली जाणारी आहे. मुंबईच्या महालक्ष्मी मैदानावर शर्यतीपूर्वीच्या दिवसांत घोडे वाळूच्या आतील ट्रॅकवर पळवले जातात आणि अंतर व वेळ यांची नोंद रेसबुकांत व वृत्तपत्रांत छापून येते. ६०० मीटरसाठी चाळीस सेकंदांच्या आसपासची वेळ आणि तिच्यासोबत ‘सहज’, ‘दाबून’ किंवा ‘छान चालला’ अशा अर्थाचा शेरा, असे तिचे सर्वसाधारण रूप असते. नुसती वेळ फसवी असते, कारण वर बसलेला माणूस जॉकी होता की वजनदार रायडर, सोबत दुसरा घोडा होता की नाही आणि ट्रॅक त्या दिवशी ओला होता की कोरडा, यावर ती अवलंबून असते. वेळेपेक्षा बदल अधिक सांगतो. एरवी सैल पळणाऱ्या घोड्याला प्रशिक्षकाने एका विशिष्ट आठवड्यात कडक काम दिले, किंवा मॉक रेसमध्ये, म्हणजे सरावाच्या लुटुपुटूच्या शर्यतीत, उतरवून नंतर पुरेसे दिवस मोकळे ठेवले, तर त्याला काही अर्थ असतो.

दुसऱ्या प्रकारच्या खुणा कार्डावर असतात. मागील दोन धावांत शिकाऊ जॉकी असलेल्या घोड्यावर अचानक अव्वल जॉकी बसतो. याच्या उलट, वजन जास्त झालेल्या घोड्यावर शिकाऊ जॉकीला मिळणारी वजनातील सवलत घेण्यासाठी मुद्दाम शिकाऊ जॉकी बसवला जातो. ही दुसरी खूण नवशिक्यांना हेतूचा अभाव वाटते, पण पुष्कळदा ती नेमकी उलट असते. ब्लिंकर्स (डोळ्यांच्या कडेची झापडे) प्रथमच लावणे, जीभ बांधणे, पोलादी नालांऐवजी ॲल्युमिनियमचे हलके नाल ठोकणे, बराच काळ कमी अंतरावर धावलेल्या घोड्याला त्याच्या वंशाला साजेशा लांब अंतरावर आणणे, हे बदलही असेच वाचले जातात. नालांच्या बदलाला भारतीय पंटर जितके महत्त्व देतात, तितके त्याला एकट्याला देणे योग्य दिसत नाही. एकाच स्टेबलचे, म्हणजे एकाच प्रशिक्षकाच्या तबेल्यातले, दोन घोडे एका शर्यतीत असतील, तर मुख्य जॉकीने कोणता निवडला याकडे सर्वांचे लक्ष असते. तरीही दुर्लक्षित स्टेबलमेट जिंकल्याचे प्रसंग प्रत्येक हंगामात घडतात.

मुंबई-पुण्यापुरते पाहता हंगामाचे चक्रही लक्षात घ्यावे लागते. पुण्याचा हंगाम पावसाळ्यात सुरू होतो आणि नोव्हेंबरच्या सुमारास घोडे महालक्ष्मीला येतात. पुण्यातील मऊ मैदानावर मागे राहिलेला घोडा मुंबईच्या टणक मैदानावर वेगळा दिसतो, आणि हा फरक मैदानाचा असूनही तो सहज हेतूच्या खात्यावर टाकला जातो. क्लासिक, म्हणजे ठरलेल्या वजनाच्या मानाच्या, शर्यतींकडे नेल्या जाणाऱ्या घोड्यांचे गणित याहून स्वतंत्र असते. १९४३ पासून होत असलेली, २,४०० मीटरची आणि चार वर्षांच्या घोड्यांसाठी असलेली इंडियन डर्बी हे ज्याचे लक्ष्य आहे, त्याच्या आधीच्या धावा ही पायरी-पायरीने केलेली तयारी असते. तेथे वजन उतरवण्याचा प्रश्नच नसतो.

पॅडॉकमधील, म्हणजे शर्यतीपूर्वी घोडे फिरवून दाखवले जातात त्या आवारातील, खुणांविषयी सावधगिरी बाळगणे इष्ट आहे. २६ ऑगस्ट १९७४ रोजी इंग्लंडमधील कार्टमेल येथे ‘गे फ्यूचर’ या घोड्याच्या अंगावर साबण चोळून तो घामाघूम आणि बिथरलेला असल्याचे भासवण्यात आले. त्याचा भाव वाढला आणि तो मोठ्या अंतराने जिंकला. या कटात प्रशिक्षक सहभागी होता आणि पुढे न्यायालयाने दंडाची शिक्षा दिली. याउलट जून १९७५ मध्ये आयर्लंडमधील बेलूस्टाउन येथे जिंकलेल्या ‘यलो सॅम’चे प्रकरण कायद्याच्या चौकटीत बसणारे ठरले. बार्नी कर्ली या मालकाने घोड्याला आधी न मानवणाऱ्या मैदानांवर धाववून त्याचे वजन उतरू दिले होते. शर्यतीच्या वेळी मैदानावरील एकमेव सार्वजनिक टेलिफोन त्याच्या माणसाने अडवून धरला, त्यामुळे मैदानाबाहेर लागलेल्या पैशांची वार्ता मैदानावरील बुकींपर्यंत पोहोचली नाही आणि २०-१ हा भाव टिकला. येथे योजना मालकाची होती, हे ध्यानात घेतले म्हणजे ‘प्रशिक्षकाचा हेतू’ ही संज्ञा किती अपुरी आहे ते कळते.

भावांवरून हेतू ओळखता येतो का, हा प्रश्न अर्थशास्त्रज्ञांनीही हाताळला आहे. निकोलस क्राफ्ट्स यांनी १९८५ साली ब्रिटिश शर्यतींच्या आकड्यांवरून असे दाखवले, की सकाळच्या अंदाजी भावापेक्षा शर्यत सुटतानाचा भाव बराच खाली आलेल्या घोड्यांबाबत आतल्या माहितीचा प्रभाव दिसतो. ह्यून साँग शिन यांनी १९९३ मध्ये आतल्या माहितीवर लागणाऱ्या पैशांचा वाटा सुमारे दोन टक्के असल्याचा अंदाज मांडला. हाँगकाँगच्या शर्यतींवर काम करणाऱ्या विल्यम बेंटर यांनी १९९४ साली नोंदवले, की घोड्याच्या कामगिरीवर आधारलेले गणित आणि बाजारातील भाव एकत्र केल्यास अंदाज सुधारतो. म्हणजे गणिताला न दिसणारे काहीतरी भावात आधीच आलेले असते. या अभ्यासांमुळे हेतूची माहिती अस्तित्वात असते, याला पुष्टी मिळते. परंतु भाव उतरल्यानंतर पैसे लावणाऱ्याला तिचा लाभ मिळतो, असे त्यांतून निघत नाही. टोटवर, म्हणजे सर्वांचे पैसे एकत्र करून विजेत्यांत वाटणाऱ्या व्यवस्थेत, पैज लावणाऱ्याला तर अंतिम भाव शर्यत सुटेपर्यंत कळत नाही.

नियमांच्या बाजूने पाहता, प्रत्येक घोडा त्याच्या कुवतीप्रमाणेच धावला पाहिजे, हे तत्त्व भारतातील टर्फ संस्थांतही पाळले जाते. कामगिरीत अचानक सुधारणा किंवा घसरण दिसल्यास स्टुअर्ड प्रशिक्षकाचे आणि जॉकीचे म्हणणे नोंदवून घेतात. घोडा खेचल्याचे, म्हणजे जॉकीने मुद्दाम मागे धरल्याचे, ठरल्यास निलंबनापर्यंत कारवाई होऊ शकते. जॉकीची कृती चित्रफितीत दिसते. प्रशिक्षकाने कमी तयारीचा घोडा उतरवला, हे सिद्ध करणे त्याहून कितीतरी अवघड असते आणि कारवायांचा भार त्यामुळे जॉकीवरच अधिक पडतो.

भारतीय कायद्यात हेतूचा स्वतंत्र विचार नाही, तरी अप्रत्यक्ष संबंध आहे. डॉ. के. आर. लक्ष्मणन विरुद्ध तमिळनाडू राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १२ जानेवारी १९९६ रोजी घोड्यांची शर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचे ठरवले. घोड्याचा वेग व दम प्रशिक्षणातून येतो आणि जॉकी हा आपल्या कलेत निष्णात असतो, हे त्या निर्णयाचे महत्त्वाचे आधार होते. महाराष्ट्रात मैदानांना १९१२ च्या परवाना कायद्याखाली परवानगी दिली जाते.

घोडा हरेल यावर पैज घेण्याची सोय २००० साली ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या बेटफेअरसारख्या, लोकांना एकमेकांशीच पैज लावू देणाऱ्या, विनिमय-बाजारांनी सर्वसामान्यांना उपलब्ध करून दिली आणि हेतूच्या प्रश्नाला उलटी बाजू आली. तोपर्यंत हरण्यातून मिळणारा फायदा मुख्यतः पुढील शर्यतीतील सवलतीचा असे, आता तो त्याच शर्यतीत रोख मिळू शकतो. म्हणून तेथे प्रशिक्षक व मालक यांना स्वतःच्या घोड्याविरुद्ध पैज घेण्यास मनाई करण्यात आली. मुंबई-पुण्याच्या मैदानांवर टोट आणि परवानाधारक बुकी हीच अधिकृत साधने असल्याने तेथे हेतूचा प्रश्न अजूनही मुख्यतः रेटिंग आणि वर्ग यांच्याभोवतीच फिरतो.