वारा, छप्पर आणि डबल्स: प्रौढांच्या बॅडमिंटनची पार्श्वभूमी

पुण्यामुंबईतल्या बॅडमिंटन हॉलमध्ये सकाळी सहाला डोकावलं तर कोर्टावर चाळिशी-पन्नाशीची माणसंच जास्त दिसतात. मुलांच्या शिकवण्या दुपारनंतर. पहाट आणि रात्र नोकरी-धंदा करणाऱ्यांची. मोठ्या वयात हा खेळ इतका टिकला याचं आश्चर्य वाटायला नको, कारण तो घडलाच मोठ्या माणसांच्या फावल्या वेळासाठी.

पिसांचं फूल फळीने हवेत उडवत ठेवण्याचा खेळ युरोपात फार जुना. त्यात हार-जीत नव्हती, फूल जमिनीवर पडू द्यायचं नाही एवढंच. आपल्याकडे अंगणात दोन मुलं मोठ्याने आकडे मोजत खेळतात, तो हाच प्रकार. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानातल्या ब्रिटिश लष्करी छावण्यांत त्यात मधे जाळी आली आणि समोरच्याला फूल परतवताच येऊ नये, असा डाव सुरू झाला. पुण्याच्या छावणीत तो इतका रुजला की काही काळ खेळाचं नावच ‘पूना’ होतं. इथे नियम लिहिले गेल्याचं साल बहुतेक ठिकाणी १८७३ दिलेलं असतं. ‘बॅडमिंटन’ हे नाव इंग्लंडमधल्या ड्यूक ऑफ ब्यूफर्ट यांच्या वाड्याचं. १८९३ मध्ये इंग्लंडची संघटना झाली, १८९९ मध्ये पहिली ऑल इंग्लंड स्पर्धा. १९०१ पर्यंत तिथलं कोर्ट डमरूसारखं होतं, जाळीपाशी अरुंद आणि दोन्ही टोकांना रुंद. आजचं १३.४० मीटर लांब आणि ६.१० मीटर रुंद आयताकृती कोर्ट त्यानंतरचं.

या खेळाचा खरा शत्रू वारा. शटलचं, म्हणजे या पिसांच्या फुलाचं, वजन ४.७४ ते ५.५० ग्रॅम, म्हणजे पाच रुपयांच्या नाण्याहून कमी. झुळूक आली की नेम चुकतो. त्यावर एक जुना उपाय होता: पिसांच्या फुलाऐवजी लोकरीचा चेंडू. त्यातून दक्षिणेत बॉल बॅडमिंटन हा वेगळाच खेळ उभा राहिला, एका बाजूला पाच खेळाडू आणि २४ बाय १२ मीटरचं मैदान. त्याची सुरुवात तंजावरच्या राजघराण्याशी जोडली जाते, आणि ते घराणं भोसल्यांचं. महाराष्ट्रात मात्र सांघिक मैदानी खेळांची जागा कबड्डी आणि खो-खोने आधीच व्यापली होती.

दुसरा उपाय छपराचा, पण छप्पर परवडायचं ते जिमखान्यांना. बाकीच्यांनी हंगाम शोधला. दिवाळीनंतर संध्याकाळचा वारा पडतो, म्हणून चाळीच्या चौकात आणि वाड्याच्या अंगणात दिवाळी ते होळी बॅडमिंटन चालायचं. फक्कीच्या रेषा, दोन बांबू, त्यांवर टांगलेले मोठे दिवे. जाळी खांबापाशी १.५५ मीटर आणि मधोमध १.५२४ मीटर हवी. बांबूला बांधलेली जाळी मधे जास्तच झोळायची आणि नेटलगतचे फटके फुकटात निघायचे. असल्या अंगणात घोटलेला हात हॉलमध्ये आला की पहिले काही दिवस सगळे ड्रॉप, म्हणजे जाळीपलीकडे हळूच टाकलेले फटके, जाळीत जातात.

जिमखान्यांतून पुढे आलेल्यांची नावं मोठी आहेत. क्रिकेटपटू प्रा. दि. ब. देवधर यांच्या ताराबाई, सुंदर आणि सुमन या तिन्ही मुली राष्ट्रीय विजेत्या ठरल्या. सांगलीत जन्मलेल्या नंदू नाटेकरांनी १९५६ मध्ये क्वालालंपूरला स्पर्धा जिंकली. परदेशात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे ते पहिले भारतीय, आणि १९६१ मध्ये पहिल्या अर्जुन पुरस्काराचे मानकरीही. १९८० मध्ये प्रकाश पदुकोण यांनी ऑल इंग्लंड जिंकली, १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत प्रदीप गंधे आणि लेरॉय डिसा यांनी दुहेरीत कांस्यपदक मिळवलं. या यशाने मुलं खेळाकडे वळली. प्रौढांचा खेळ बदलला तो मात्र सामानामुळे आणि गुण मोजण्याच्या पद्धतीमुळे.

लाकडी रॅकेट जड असायची, आणि पावसाळ्यात दमटपणाने तिची चौकट वाकायची. म्हणून ती चार स्क्रूंच्या लाकडी साच्यात आवळून ठेवावी लागे. साचा लावायला विसरलं की रॅकेट पापडासारखी वेडीवाकडी. मग धातूच्या चौकटी आल्या, त्यामागून ग्राफाइट. आज ‘४यू’ छापलेली रॅकेट ८० ते ८४ ग्रॅमची असते, ‘३यू’ ८५ ते ८९ ग्रॅमची. मनगटाचा भार हलका झाला, पण नवी चूक शिरली ती गटिंगमध्ये, म्हणजे रॅकेटला दोरी भरण्यात. टीव्हीवरचे खेळाडू दोरीला ३० पौंडांच्या आसपास ताण घेतात म्हणून पन्नाशीचे गृहस्थ २८ मागतात. ताण वाढला की रॅकेटच्या दोऱ्यांचा मधला नेमका भाग आकसतो, फटका जरा बाजूला बसला तरी हादरा थेट कोपरापर्यंत जातो आणि दोरीही लवकर तुटते. आठवड्यातून तीनदा खेळणाऱ्याला २२ ते २४ पौंड पुरतात. दोरी ०.७० मिलिमीटरची जाड घ्यावी, ती जास्त टिकते. मूठ सतत घट्ट आवळून धरण्याची सवय असेल तर टेनिस एल्बो, म्हणजे कोपराचं दुखणं, ठरलेलंच. बोटं सैल ठेवून फक्त फटक्याच्या क्षणी आवळायची.

शटलचा हिशेब वेगळा. फेदर शटलला १६ पिसं असतात आणि डब्यात १२ शटल येतात. डब्यावर ७५, ७६, ७७ असे वेगाचे आकडे असतात. आकडा मोठा तितकं शटल वेगवान. हवा तापली किंवा विरळ झाली की शटल लांब जातं. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच आहे, त्यामुळे मुंबईत ७७ चालत असेल तर पुण्यात उन्हाळ्यात ७६ घेणं बरं. खात्री करायची सोपी रीत नियमातच आहे: मागच्या रेषेवरून खालच्या हाताने पूर्ण जोर लावून मारायचं. शटल समोरच्या मागच्या रेषेच्या ५३ ते ९९ सेंटिमीटर अलीकडे पडलं तर वेग बरोबर. फार लांब जात असेल तर काही जण पिसांची टोकं बाहेर वाकवून वेग कमी करतात. सरावाला ठीक, सामन्यात मनाई.

फेब्रुवारी ते मे पुण्याची हवा कोरडी असते आणि पिसं दोन-चार स्मॅशमध्ये तुटतात. खेळाच्या आदल्या रात्री डब्याची दोन्ही टोकं उघडून किटलीच्या वाफेवर दहा-पंधरा सेकंद धरायचा आणि झाकून ठेवायचा. जास्त वाफ दिली तर पिसं जड होतात, बुचाचा डिंक सुटतो आणि शटल डगमगत उडतं. हे सगळं नको असेल तर नायलॉन. टोपीखालची पट्टी हिरवी म्हणजे मंद, निळी मध्यम, लाल वेगवान. सोसायट्यांत बॅडमिंटन पोचलं ते नायलॉनमुळे, कारण एक शटल कित्येक दिवस जातं. पण त्याचा वेग फेदरइतका झटकन मरत नाही. नायलॉनवर खेळत आलेला माणूस फेदरसमोर उभा राहिला की शटल पोचायच्या आधीच रॅकेट फिरवून मोकळा होतो.

जुन्या पद्धतीत १५ गुणांचा गेम असे आणि ज्याची सर्व्हिस त्यालाच गुण. तुल्यबळ जोड्या असल्या की सर्व्हिस इकडून तिकडे फिरत राही आणि फळा तिथेच. त्यात १३-१३ ला सेटिंग, म्हणजे गेम आणखी लांबवायची सोय. बाहेर बाकावर बसलेल्यांची वेळ कधी येईल, याचा नेम नसे. २००६ मध्ये प्रत्येक रॅलीला गुण आणि २१ चा गेम आला. डबल्सचा एक गेम आता साधारण पंधरा-वीस मिनिटांत आटपतो, म्हणून तासाच्या बुकिंगमध्ये सहा जण सहज खेळतात. तासावर कोर्ट भाड्याने देण्याचा आजचा धंदा या आकडेमोडीवर उभा आहे, असं आमचं मत. २०१८ पासून आंतरराष्ट्रीय सामन्यांत सर्व्हिसची उंची जास्तीत जास्त १.१५ मीटर ठरली. क्लबांत अजून जुन्या ‘कमरेखाली’च्या नियमावरूनच भांडणं होतात. बुटक्या सभागृहांचे आणखी वेगळे कायदे: पंख्याला लागलं तर लेट (रॅली पुन्हा), तुळईला लागलं तर फॉल्ट (चूक).

चाळिशीनंतर सिंगल्स सुटतं आणि डबल्स राहतं, त्यामागे साधं गणित आहे. सिंगल्समध्ये एकट्याने सुमारे ३४.७ चौरस मीटर सांभाळायचे, डबल्समध्ये माणशी २०.४. शिवाय हल्ला करताना एक पुढे, एक मागे. बचावात दोघं शेजारी. त्यामुळे थकलेला भिडू नेटवर आणि तरणा मागे, अशी वाटणी आपोआप होते. नेटवरच्याने मात्र मागे वळून बघायचं नाही. प्रतिस्पर्ध्याने काय परतवलं ते जाळीपलीकडेच दिसतं, आणि वळलेल्या डोळ्यावर जोडीदाराचाच स्मॅश बसतो. चष्मा लागत असेल तर काचेऐवजी पॉलीकार्बोनेटचा घ्यावा.

पस्तिशीनंतरची हुकमी दुखापत टाचेमागच्या शिरेची, ॲकिलिसची. मागे जाऊन एकदम पुढे झेपावताना ती तुटते, आणि माणसाला वाटतं मागून कुणीतरी लाथ मारली. वळून बघावं तर कुणीच नसतं. अशा वेळी चोळत, शेकत बसू नये. पाय टेकायचा नाही आणि त्याच दिवशी हाडांच्या डॉक्टरकडे जायचं. ऑफिसातून थेट येऊन पहिल्याच मिनिटाला स्मॅश मारणाऱ्यांना हा धोका जास्त. आधी दहा मिनिटं चालणं, हळू पळणं, टाचा उचलणं-टेकवणं, मग अर्ध्या जोराने टॉस, म्हणजे उंच लांब फटके. पळण्याचे बूट घालून खेळणं ही दुसरी चूक. त्यांची टाच उंच आणि मऊ असते, बाजूला सरकताना घोटा मुरगळतो. सपाट गमसोलचे बूट हवेत. सिमेंटवर नुसतं पातळ मॅट अंथरलेलं असेल तर गुडघे लवकर बोलू लागतात. खाली लाकडी सांगाडा असलेलं कोर्ट मिळालं तर थोडं जास्त भाडं द्यायला हरकत नाही.

कोपनहेगनच्या सुमारे साडेआठ हजार रहिवाशांचा २५ वर्षांपर्यंत माग घेणारा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. बैठी राहणी असलेल्यांच्या तुलनेत बॅडमिंटन खेळणाऱ्यांचं आयुष्य ६.२ वर्षांनी जास्त आढळलं, जॉगिंग करणाऱ्यांचं ३.२. हे आकडे हॉलच्या फळ्यावर लावायला छान आहेत, पण त्यातून कार्यकारण सिद्ध होत नाही. ज्याला वेळ, पैसा आणि चार भिडू आहेत तो मुळातच बरा जगत असतो.

वयस्कांच्या स्पर्धेला जागतिक मान्यता मिळाली ती २००३ मध्ये, सोफियाला पहिली जागतिक सीनियर स्पर्धा झाली तेव्हा. गट पस्तिशीपासून पाच-पाच वर्षांचे. २०१७ मध्ये ती कोचीला भरली, आणि पंच्याहत्तरीपुढचे खेळाडूही तिथे उतरले होते.