प्रिंटर बटणाने बंद करा, बोर्डावरून नको

जूनमध्ये शाळा उघडतात आणि ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत प्रिंटर दुरुस्त करणाऱ्यांकडे एकच तक्रार येऊ लागते. सुट्टीभर इंकजेट, म्हणजे शाईचे थेंब उडवून छापणारा, प्रिंटर बंद होता, आता पानावर पांढऱ्या रेघा येतात, काळा रंग उमटतच नाही. घरोघरचा ठरलेला इलाज म्हणजे ‘हेड क्लीनिंग’, म्हणजे प्रिंटरची स्वतःची सफाई, पुन्हा पुन्हा चालवणे. शाई सुकली आहे, जोर लावला की निघेल, असा समज त्यामागे असतो. हा समज अर्धाच खरा आहे.

कागदावर शाई उडवणाऱ्या भागाला प्रिंटहेड म्हणतात. त्यातल्या नोझलचं, म्हणजे बारीक छिद्राचं, तोंड साधारण 20 मायक्रॉनचं असतं, आणि माणसाचा केस त्याच्या तीन-चार पट जाड असतो. एका थेंबात काही पिकोलिटर शाई मावते. 4 पिकोलिटरचा थेंब धरला, तर 1 मिलिलिटर शाईतून 25 कोटी थेंब होतात. कॅनन आणि एचपीच्या हेडमध्ये सूक्ष्म हीटर शाईचा पातळ थर क्षणात उकळवतो आणि वाफेचा बुडबुडा थेंब बाहेर ढकलतो. एप्सनच्या हेडमध्ये हेच काम विजेच्या दाबाने आकार बदलणारं पिझो स्फटिक करतं.

खरी गोष्ट घडते ती नोझलच्या तोंडाशी. तिथे शाईचा आत वळलेला, वाटीसारखा पृष्ठभाग असतो. पृष्ठताणामुळे तो तोंडाला चिकटून राहतो आणि कार्ट्रिजमधला किंचित उणा दाब शाईला गळू देत नाही. पण हाच पृष्ठभाग हवेला उघडा असतो. शाईत बहुतांश पाणी आणि सोबत ग्लिसरीनसारखा ओलावा धरणारा द्रव असतो. पाणी उडतं, ग्लिसरीन मागे राहतं. शुद्ध ग्लिसरीन पाण्याहून शेकडो पट दाट असतं, त्यामुळे दुधावर साय धरावी तसा तोंडाशी घट्ट थर बसतो. आतला धक्का तेवढाच असतो, पण समोरचा विरोध कैक पटींनी वाढलेला असतो, म्हणून थेंब सुटत नाही. हे कुठवर जाणार ते हवेतली आर्द्रता ठरवते, कारण ग्लिसरीन हवेतला ओलावा घेत-सोडत तिच्याशी समतोल साधतं. जुलैतल्या ठाण्याच्या दमट हवेत ते पुष्कळ पाणी धरून ठेवतं. त्याच घरात एसीच्या झोताखाली ठेवलेला प्रिंटर मात्र लवकर सुकतो.

यावर उपाय प्रिंटरमध्येच बसवलेला असतो. प्रिंटर त्याच्या बटणाने बंद केला की हेड एका कडेला जाऊन रबरी कॅपवर बसतं. कॅपखालची चिमूटभर हवा शाईच्याच वाफेने भरते आणि बाष्पीभवन जवळपास थांबतं. छपाई चालू असताना भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद केलं, तर हेड जिथे असेल तिथेच उघडं राहतं. कॅपच्या कडेवर वाळलेली शाई किंवा एखादा केस असला तरी फट राहते. म्हणून मी हेडपेक्षा कॅपकडे आधी बघायला सांगेन. धागे न सोडणारं कापड डिस्टिल्ड वॉटरने ओलं करून ती कड हलकेच पुसा. नळाचं पाणी नको. ते उडून गेलं की त्यातले क्षार मागे राहतात.

आता क्लीनिंगबद्दल. त्या वेळी पंप कॅपमधून शाई ओढतो आणि ती शाई खालच्या पॅडमध्ये वाया जाते. कॅप नीट बसत नसेल तर शाईऐवजी हवाच ओढली जाते. पिझो हेडमध्ये बुडबुडा अडकला की धक्का त्याला दाबण्यातच खर्च होतो. थर्मल, म्हणजे हीटरचं, हेड शाईविना चालवलं तर हीटर जळू शकतो. म्हणून दोनदा क्लीनिंग करून थांबा. रात्रभर तसंच राहू द्या म्हणजे बुडबुडे शाईत विरघळतात आणि घट्ट थरही थोडा सैल होतो. सकाळी नोझल चेक, म्हणजे कुठली छिद्रं बंद आहेत ते दाखवणारं पान, काढा. उकळतं पाणी किंवा टूथपेस्टने हेड उघडून देणारे व्हिडिओ विसरा. टूथपेस्टमध्ये घासण्यासाठी घातलेले घन कणच असतात. दसऱ्याला यंत्राची पूजा करा, पण हळद-कुंकू झाकणावरच्या कागदावर वाहा. हळद-कुंकवाचे कण नोझलच्या तोंडात अडकण्याइतके मोठे असू शकतात, आणि भक्तीने भौतिकशास्त्र बदलत नाही.

हेड कार्ट्रिजलाच जोडलेलं असेल आणि ते काढून ठेवायचं असेल, तर हवाबंद डब्यात ठेवा. डब्याच्या कोपऱ्यात स्पंजचा ओला तुकडा असू द्या, पण तो नोझलला किंवा तांब्याच्या संपर्कपट्ट्यांना टेकता कामा नये. टँक प्रिंटरचं, म्हणजे ज्याच्या टाकीत शाई ओततात त्याचं, हेड घरी काढू नका. आठवड्यातून एकदा सगळे रंग असलेलं एक पान छापलंत तरी पुरे.