वजूच्या पाण्यात साबण नसतो

दिवसातून पाच वेळा वजू, म्हणजे नमाजाआधी हात, तोंड, पाय धुण्याचा विधी, करणाऱ्याच्या चेहऱ्यावर सुरकुत्या पडत नाहीत, अंगात साचलेली वीज पाण्यावाटे निघून जाते आणि हे सगळं ‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केलंय’, असा मेसेज सध्या फिरतोय. मला तो शेजारच्या खालांनी, म्हणजे मावशींनी, पाठवला. संध्याकाळी त्यांनीच गॅलरीत हात पुढे करून विचारलं, “सर, मी चाळीस वर्षं पाच वेळा वजू करते. मग हात असे का फुटलेत?”

खाला बिड्या वळतात. सोलापुरात असे हात घरोघरी दिसतील. अंगठा आणि तर्जनीच्या टोकांना तंबाखूचा तपकिरी डाग, सांध्यांवर बारीक चिरा, बोटांच्या बेचक्यात पांढुरका पापुद्रा. मी त्यांना बाही वर करायला सांगितली. मनगटापासून कोपरापर्यंतची कातडी मऊ, धड होती. वजूचं पाणी तर कोपरापर्यंत जातं, तेच पाणी, तेवढ्याच वेळा. मग फुटला तो पंजाच का?

“वजूच्या आधी हात कशाने धुता?” तंबाखूचा वास जावा म्हणून कपड्याच्या साबणाने, दर वेळी. उत्तर तिथेच होतं.

त्वचेचा सर्वांत वरचा थर मेलेल्या, चपट्या पेशींचा असतो. हाताच्या पाठीवर तो केसाच्या जाडीहूनही पातळ असतो, पण शरीरातलं पाणी तोच अडवून धरतो. पेशी म्हणजे विटा, आणि त्यांच्यामधला चुना म्हणजे सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं ही तीन स्निग्ध द्रव्यं. नुसतं पाणी घाम, मीठ, धूळ नेतं. हा चुना पाण्यात विरघळत नाही. साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला, म्हणून मळाबरोबर थोडा चुनाही निघतो. तळहाताला तर तैलग्रंथीच नसतात, त्यामुळे त्याला वरून तेलाची मदत मिळत नाही.

खरी गंमत पुढे आहे. निरोगी त्वचा किंचित आंबट असते, तिचा पीएच, म्हणजे आंबटपणा मोजायचा आकडा (जितका कमी तितकं आंबट), साधारण ४.५ ते ५.५. शाडे आणि मार्चिओनिनी या जर्मन संशोधकांनी १९२८ मध्ये याला ‘आम्लाचं कवच’ म्हटलं. साबणाच्या पाण्याचा पीएच ९ ते १० असतो. या मोजपट्टीत एक अंक म्हणजे दहा पट, म्हणजे ५ वरून १० वर जाताना आम्लता १ लाख पटीने घटते. सेरामाइड तयार करणाऱ्या बीटा-ग्लुकोसेरेब्रोसिडेझसारख्या विकरांना (एन्झाइमना) काम करायला आंबटपणा लागतो. तो गेला की चुना बनणं मंदावतं. उलट, पेशींना जोडणारे प्रथिनांचे टाके तोडणारी विकरं अल्कलीत जोर धरतात. म्हणजे गवंडी बसला आणि पाडकाम सुरू झालं! त्वचा पूर्वपदावर यायला काही तास लागतात, आणि तेवढ्यात पुढच्या नमाजाची वेळ होते.

त्यात आपलं बोअरचं पाणी. बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो, तो कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचा. हे क्षार साबणाशी मिळून न विरघळणारा चिकट साका करतात. फेस येत नाही म्हणून माणूस आणखी साबण घासतो आणि साका कातडीवरच राहतो.

पाणीही अगदी निर्दोष नाही. वरच्या थरात ओलावा धरून ठेवणारी युरिया, लॅक्टेट अशी द्रव्यं पाण्यात विरघळून जातात. म्हणूनच जर्मनीच्या कामगार-सुरक्षा नियमांत रोज दोन तास हात ओले राहणं धोक्याचं मानलं आहे. वजूला दोन मिनिटं लागतात. खालांचे हात तेंदूची पानं भिजवताना, पिळताना, कापताना कितीतरी जास्त वेळ ओले असतात. शिवाय पैगंबर एक मुद्द पाण्यात वजू करत, अशी हदीस, म्हणजे त्यांच्या आचरणाची नोंद, आहे. मुद्द म्हणजे पाऊण लिटरच्या आतबाहेर. दिवसाआड नळ येणाऱ्या गावाला हे माप लगेच कळेल.

सुरकुत्यांचं म्हणाल तर त्या मुख्यतः उन्हातल्या अतिनील किरणांमुळे पडतात. ते किरण आतल्या थरातलं कोलॅजेन तोडतात. तोंडावर मारलेलं पाणी तिथे पोचत नाही. विजेची गोष्ट तर निव्वळ थाप. वजू इबादतीसाठी, उपासनेसाठी आहे, तिला कॉस्मेटिकच्या जाहिरातीचा आधार कशाला हवा? आमच्या घरच्या ग्रुपवर होमाच्या धुराचे गुण सांगणारे मेसेज येतात, त्यांनाही मी हेच उत्तर देतो.

खालांना सांगितलं, कपड्याची वडी बंद करा, सौम्य साबण दिवसातून एकदोनदाच लावा आणि हात टिपून ओलसर असतानाच खोबरेल चोळा.

“तेलावर वजू होते,” त्या म्हणाल्या. “नेलपॉलिशवर नाही होत.”

मग त्यांनी मुलाचा पाय दाखवला. करंगळीजवळच्या बेचक्यात कातडी पांढरी पडून सुटली होती. तो मशिदीच्या हौदावर वजू करतो आणि नमाज झाली की ओल्या पायांवरच मोजे-बूट चढवून कामावर पळतो. बुरशीला असंच ऊबदार, ओलं, बंद बेचकं हवं असतं. वजूत पायाच्या बोटांमधून करंगळी फिरवायची रीत आहे, खिलाल. तो ती करतो. त्याच्या खिशात आता खालांनी एक सुती रुमाल ठेवलाय, फक्त पायांसाठी.