म्हाताऱ्या कुत्र्याला लसूण द्यावा का?

"कुत्रं म्हातारं झालं की रोज भाकरीत लसणाच्या दोन पाकळ्या चुरून द्या, जंत पडतात, पोट सुधारतं, प्रतिकारशक्ती वाढते." हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. खान्देशात लसणाशिवाय ठेचा नाही की शेवभाजी नाही, त्यामुळे तो पटतोही चटकन.

पण कुत्र्याचं रक्त आपल्यासारखं नाही. लसूण आणि कांद्यातल्या गंधकयुक्त घटकांमुळे त्याच्या लाल पेशी फुटतात. शिजवल्यानं, वाळवल्यानं हे घटक जात नाहीत, म्हणजे उरलेला रस्साही नकोच. एखाद्या पाकळीनं बहुतेकदा काही होत नाही. रोजच्या डोसानं मात्र नुकसान साचत जातं आणि लक्षणं काही दिवसांनी दिसतात. तोवर लसणावर कुणाचा संशय जात नाही. कुत्रं मलूल झालं तर "वय झालं" म्हणून सोडून देतात. खरी गोम इथेच आहे.

रक्त कमी झालंय का हे घरी बघायचं तर ओठ वर करून हिरडी दाबा. पांढरा पडलेला ठिपका साधारण दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवा. हिरडी काळी असेल तर खालची पापणी ओढून आतला रंग पाहा. फिकट दिसला किंवा लघवी तांबूस-काळपट झाली, तर त्याच दिवशी गुरांच्या दवाखान्यात न्या. रक्ततपासणीत नेमकं कळतं.

जंतांसाठी आधी शेण तपासतात तशी कुत्र्याची विष्ठा तपासून घ्या, मग वजनाप्रमाणे गोळी. पोटासाठी पचत असेल तर चमचाभर ताजं, बिनसाखरेचं दही चालतं. प्रोबायोटिक (पोटाला उपयोगी जिवाणूंची) पावडर घ्यायचीच तर कुत्र्यांसाठीची, तीही डॉक्टरांना विचारून.