लग्नाचं शूटिंग एडिटिंगला देण्याआधी: फ्रेम रेटबद्दल थोडं

आमच्याकडे येणारं लग्न हल्ली एकाच कॅमेऱ्यावर क्वचितच असतं. कॅमेरामनचे दोन कॅमेरे, ड्रोन, शिवाय मामेभावाचा फोन. चित्रं सगळीच छान असतात, अडतं ते फ्रेम रेटवर.

व्हिडिओ म्हणजे भराभर दाखवलेले फोटो. एका सेकंदात किती फोटो, तो फ्रेम रेट. आपल्याकडे वीज 50 हर्ट्‌झची, म्हणून टीव्ही आणि कॅमेरे 25 किंवा 50 वर चालत आले. अमेरिकेत वीज 60 हर्ट्‌झची, तिकडे 30 आणि 60. फोन मात्र इथं घेतला तरी बहुधा 30 वरच लावलेला असतो.

आम्ही फिल्म 25 वर बांधतो. त्यात 30 ची क्लिप टाकली, की दर सहा फ्रेममधली एक गळते, म्हणजे सेकंदाला पाच. ताई उखाणा घेत असेल, कॅमेरा स्थिर असेल, तर ते कळतही नाही. पण वरातीत फोन डावीकडून उजवीकडे फिरवला असेल, तर मागची झेंडूची तोरणं सरळ सरकत नाहीत, टचटच उड्या मारतात. सॉफ्टवेअरला मधल्या फ्रेम बनवायला सांगता येतं. मात्र अक्षता उडत असतील तिथं हात आणि तांदूळ एकमेकांत विरघळल्यासारखे दिसतात. अशा ठिकाणी आम्ही तो उपाय करत नाही.

आवाज लागत नसेल तिथं आम्ही वेगळं करतो: 30 ची क्लिप 25 च्या चालीनं सोडतो. 5 सेकंदांचं दृश्य 6 सेकंद चालतं, एकही फ्रेम जात नाही आणि हार घालण्याचा क्षण किंचित रेंगाळतो. ड्रोनच्या शॉटला तर हे फारच शोभतं. 50 वर घेतलेलं असेल तर निम्म्या वेगाचं स्वच्छ स्लो मोशन मिळतं, आणि नेहमीच्या वेगात हवं तर एकाआड एक फ्रेम घेतली की झालं, झटका नाही. म्हणून नाच, वरात, अक्षता कॅमेरामनला 50 वर घ्यायला सांगा, असा आमचा आग्रह आहे.

फोनची आणखी एक खोड. हॉलमध्ये उजेड कमी झाला की बरेच फोन मधेच आपणहून फ्रेम रेट कमी करतात. मग लांबलचक मंगलाष्टकांच्या क्लिपमध्ये सुरुवातीला जुळलेले ओठ आणि आवाज शेवटाकडे सुटत जातात. अशी क्लिप आम्ही आधी एकसारख्या फ्रेम रेटची करून घेतो, त्याला वेळ लागतो. आयफोन असेल तर कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये पाल (PAL, म्हणजे 25 ची पद्धत) फॉरमॅट दाखवण्याचा पर्याय चालू करा, 25 मिळेल.

कॅमेऱ्याचा शटर, म्हणजे एका फ्रेमसाठी उजेड किती वेळ आत घ्यायचा ते, 50 किंवा 100 वर (सेकंदाचा पन्नासावा किंवा शंभरावा भाग) ठेवायला सांगा, नाहीतर हॉलच्या दिव्यांचे पट्टे चित्रात लहरत राहतात. हे आम्हाला नंतर धड काढता येत नाही.

क्लिप व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका, दर्जा उतरतो. पेन ड्राइव्हवर किंवा ड्राइव्हच्या लिंकनं मूळ फाइल द्या. स्वतः कन्व्हर्टही करू नका; एकदा गळलेली फ्रेम परत येत नाही.

तारखेच्या आठवडाभर आधी कॅमेरामन आणि ड्रोनवाल्याचा नंबर आम्हाला कळवा. सेटिंग आम्हीच त्यांच्याशी बोलून ठरवतो, त्याचे वेगळे पैसे घेत नाही.